खिशात दोन बोल्ट घेऊन दुकानात जा

भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, पाना-पक्कडीची एकशे आठ तुकड्यांची पेटी स्वस्तात मिळतेय. घेऊ का?" म्हटलं, "त्यातले किती तुकडे तू ओळखतोस?" तिकडून गप्प. त्याने नवी मोटरसायकल घेतलीय आणि सर्व्हिसिंग घरीच करायचं मनावर घेतलंय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

मीही एकदा असली पेटी घेतली होती. कोल्हापुरात उद्यमनगरात मिस्त्रींकडे शिकून स्वतःचं गॅरेज काढलं, तेव्हाची गोष्ट. आरशासारखी चकचकीत पेटी. आठवड्याभरात इंजिनच्या कव्हरचा बोल्ट उघडताना तिच्यातली आठ नंबरची गोटी, म्हणजे सॉकेट, फिरली, बोल्टचं डोकं गोल झालं आणि माझी मूठ इंजिनच्या पत्र्यासारख्या फिनवर आपटली. वण अजून आहे. पुढचा तासभर छिन्नी लावून तो बोल्ट काढला, गिऱ्हाईक शेजारी उभं. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "चमक बगून घेतलास व्हय? तोंड बगायचं पान्याचं."

सगळी गोम त्या तोंडातच आहे. दहा नंबरच्या पान्याचं तोंड बरोबर दहा मिलिमीटर नसतं, किंचित जास्त असतं, नाहीतर बोल्टवर बसणारच नाही. चांगल्या पान्यात हे जास्तीचं माप केसाएवढं. हलक्या पान्यात ते वाढत जातं, मग पाना बोल्टच्या सपाट बाजू धरायचं सोडून नुसत्या कोपऱ्यांवर टेकतो. जोर लावला की कोपरे गेले. शिवाय लोखंड नरम असेल तर दोन-चार वापरांत तोंड आणखी फाकतं. पान्यावर "क्रोम व्हॅनेडियम" असं चिवट पोलादाचं नाव कोरलेलं असतं खरं, पण कोरायला कुणाचं काय जातं?

म्हणून दुकानात जाताना खिशात दोन नवे बोल्ट ठेवा, एक दहाच्या डोक्याचा, एक तेराच्या. नवेच हवेत, घासलेल्या बोल्टवर काही कळत नाही. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, बोल्टवर सरकवा. ढकलावा लागता कामा नये, आणि बसल्यावर डुलताही कामा नये. रिंग पाना, म्हणजे बंद कड्याचा, बसवून डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखडला तर खाली ठेवा. फिक्स पान्याचे दोन्ही जबडे उजेडासमोर धरून समांतर आहेत का तेही बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. जो बोल्ट लावून बघू देत नाही, त्याच्याकडून मी काही घेत नाही. मुलामा कुठे फुगलाय का ते बघायला वरून बोट फिरवा. सुटलेल्या क्रोमचा पापुद्रा काचेसारखा कापतो.

आता नंबरांचा घोळ. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात तेराचं डोकं मिळतं, जपानी गाड्यांवर त्याच बोल्टला बहुधा बाराचं असतं. जपानी घराण्याच्या मोटरसायकलीवर 8, 10, 12, 14, 17 आणि 19 एवढ्यांत बहुतेक काम निघतं. त्यातही आठ आणि दहा सगळ्यात जास्त झिजतात, म्हणून ते दोन उत्तमातले घ्या, बाकीचे थोडे डावे-उजवे चालतील. जुनी बुलेट असेल तर प्रकरणच वेगळं. तिला व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचे, पाने लागतात, त्यांच्यावरचा आकडा डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. मिलिमीटरचा पाना तिथे "जवळपास बसतोय" म्हणून लावलात की संपलं.

पहिली खरेदी म्हणून आठ पान्यांचा सेट पुरतो: 6-7, 8-9 असं करत 18-19 पर्यंत आणि शेवटचा 20-22. एक फिक्सचा, एक रिंगचा. घट्ट बसलेलं आधी रिंगने ढिलं करायचं, मग फिक्सने फिरवत काढायचं. गोट्या सहा कोनांच्या घ्या. बारा कोनांच्या पटकन बसतात, पण गंजलेल्या बोल्टवर सहा कोनांचीच पकड टिकते. गोटी फिरवायच्या रॅचेटचा चौकोन मोटरसायकलला तीन सुती बरा. चार सुती, म्हणजे अर्धा इंची, चारचाकीच्या चाकांना. आणि रॅचेटवर पाइप घालून उभं राहू नका, आतले दात जातात. त्या कामाला टॉमी, म्हणजे बिनदात्यांचा लांब दांडा, असते.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल कुणी बोलत नाही, आणि गाड्यांचे सगळ्यात जास्त स्क्रू तिथेच मरतात. जपानी पद्धतीच्या चौफुली स्क्रूची खाच नेहमीच्या चौफुलीपेक्षा, म्हणजे फिलिप्सपेक्षा, वेगळी असते. डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा. साधा फिलिप्स त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की उसळून बाहेर येतो. कार्ब्युरेटरचे स्क्रू असेच खराब होतात आणि लोक स्क्रूला शिव्या देतात. जेआयएस (जपानी मानक) लिहिलेला एक ड्रायव्हर मागवून ठेवा, दुकानात सहसा नसतो.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कापायच्या धारेतून उजेड दिसला तर ती तार कापणार नाही, चघळेल.

कुठलं घ्यायचं? टपारिया आपल्या नाशकातलं, मी रोजच्या कामाला तेच वापरतो. जालंधर-लुधियानाकडे हत्यारं बनवणारे ढिगाने आहेत, त्यांतले कित्येक परदेशी माल पाठवतात, तेव्हा अनोळखी नाव दिसलं म्हणून हिणवू नका, बोल्ट लावून बघा. उलट प्रसिद्ध नावाचेच डुप्लिकेट निघतात. नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे, ठसा उथळ, कडा बोटाला टोचणाऱ्या. मुंबईला जाणार असाल तर नागदेवी स्ट्रीटवर एक दिवस काढा. घाऊक बाजार आहे, एकाच्या चार दुकानांत भाव विचारता येतो.

जुना माल हा माझा नाद. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा मुंबईत दारूखान्याच्या बाजूला, जहाजांतून उतरलेले जर्मन-इंग्लिश पाने अजून सापडतात. वरचा गंज बघू नका, तो घासून जातो. तोंड फाकलेलं, दांडीवर हातोड्याचे घाव, वेल्डिंग केलेलं असेल तर सोडून द्या. माझा चौदाचा रिंग पाना "वेस्ट जर्मनी" ठशाचा आहे. खंडेनवमीला हळदी-कुंकू पहिलं त्याला. बायको हसते.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना, घाईने घेऊ नका, पण घ्याल तेव्हा चांगलाच घ्या. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर बस होतं, आणि नवशिका हाताच्या अंदाजाने दुप्पट पिळून ॲल्युमिनियमचे आटे घालवतो. टॉर्क रेंचने बोल्ट सोडवायचे नाहीत, काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

भाच्याने शेवटी पेटी नाही घेतली, आठचा सेट घेतला. परवा फोन होता. बारा-तेराच्या पान्याची तेराची बाजू अजून कोरीच आहे, म्हणतो.