कॅरिबियन सॉस परदेशात विकायचाय? या चुका टाळा

न्यू जर्सीत एका आयातदाराच्या गोदामात क्वालिटी बघतो. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोसच्या बाटल्या उघडण्यात दहा वर्षं गेली. चवीत सहसा खोट नसते. माल अडतो तो दरवेळी त्याच दोन-चार कारणांनी.

पहिलं कारण पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका माल आंबट. व्हिनेगरने आंबट केलेल्या सॉसचा पीएच अमेरिकेत 4.6 च्या वर गेलेला चालत नाही, कारण त्यापुढे बंद बाटलीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मोजायचं कधी आणि काय, तिथे बोंब. त्रिनिदादच्या एका छोट्या कंपनीचा पेपर सॉस आला होता, बोटाच्या पेराएवढ्या कच्च्या पपईच्या फोडी घातलेला. कागदावर प्रत्येक बॅच 4.2. मी सवयीने तीन बाटल्या फोडींसकट मिक्सरमधून काढल्या. 4.7, 4.8, 4.7. मालकाला फोन केला तर म्हणे, आजीची रेसिपी आहे, चाळीस वर्षांत कुणाला काही झालं नाही. हा गडी बाटली भरल्या भरल्या नुसता वरचा रस मोजत होता! लोणचं घातल्या दिवशी फोड चाखून कुणी मत देतं का? फोडी मुरल्या, त्यांनी आंबटपणा ओढून घेतला आणि आकडा वर चढला. सगळी खेप नष्ट करावी लागली, वर भाडं त्याच्याच अंगावर.

तेव्हा फोडी बारीक करा, बाटली किमान एक रात्र ठेवा, मग सगळं एकजीव करून मोजा. मीटर रोज सकाळी 4 आणि 7 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या. मी बाटल्या आठवडाभर टेबलावर ठेवून परत मोजतो. तुम्हाला जास्त वाटेल, वाटू दे. आणि कागदी पट्ट्या फेकून द्या. 4.0 च्या वर त्या नियमातच बसत नाहीत.

चव बदलायला रेसिपी बदलली की अमेरिकेच्या अन्न खात्याकडची (एफडीए) सॉस बनवण्याच्या प्रक्रियेची नोंदणीही नवी. 'जुन्या नोंदणीच्या त्याच नंबरवर जाऊ दे' हे वाक्य मी रोज ऐकतो.

कॅनडाला पाठवताना लेबलवर इंग्रजीबरोबर फ्रेंच लागतं. स्टिकर छापायला एक दिवस लागतो, तरी विसरतात.

अकी या जमैकात खाल्ल्या जाणाऱ्या फळाचे डबे हा वेगळाच ताप. फळ झाडावर आपोआप उकललं नसेल तर त्यात हायपोग्लायसिन हे विष भरपूर असतं. 1973 पासून 2000 पर्यंत अमेरिकेने अकी आत येऊच दिली नव्हती. आजही मंजूर यादीतल्या कारखान्याचाच माल सुटतो. दुसऱ्याकडून डबे भरून घेऊन आपलं लेबल चिकटवायचं असेल, तर आधी त्या कारखान्याचं नाव यादीत बघा. 'तो म्हणाला आहे' हा पुरावा नव्हे.

एकदम सगळीकडे विकायची घाई असलेले नेहमी ग्रेसकेनेडी या बड्या खाद्य कंपनीचं उदाहरण देतात. अहो, ती जमैकातल्या किंग्स्टनची 1922 ची कंपनी. तिने ब्रिटनमध्ये डब्ल्यूटी फूड्स घेतली 2007 मध्ये, अमेरिकेत ला फे 2014 मध्ये. म्हणजे तयार वितरण विकत घेतलं. तुमच्याकडे चार पॅलेट आहेत. ती आधी ब्रुकलिनच्या फ्लॅटबुशमधल्या दुकानांत खपवा. तिथल्या जमैकन आजीबाई बाटली उलटी करून बघतात आणि सॉस पातळ वाटला तर तोंडावर सांगतात.