मुरगावला उतरून कुलदेवतेला जाताना

पहिली गोष्ट वेळेची. गोव्यातल्या मुरगाव बंदरातून क्रूझ किती वाजता सुटणार हे लिहून ठेवू नका, प्रवाशांनी किती वाजेपर्यंत जहाजावर परतायचे ते लिहा. ती वेळ सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. म्हणून परतीला दीड तास जास्तीचा धरा.

दुसरी गोष्ट मोहाची. फोंड्याच्या बाजूला मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी अशी देवळे जवळजवळ आहेत, आणि माणसाला वाटते सगळी करू. करू नका. आपली कुलदेवता कोणती ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, तिथे निवांत बसा, आणि वाटेतले एखादे देऊळ जोडा. माझ्या आईला मंगेशीच्या सभामंडपात नुसते अर्धा तास बसायचे होते, त्यासाठी आम्ही बाकी सगळे सोडले, आणि तेच बरोबर होते.

टॅक्सीवाल्याला बंदरावरच पूर्ण फेरीचे भाडे आणि थांबण्याचा वेळ सांगून ठरवा. जाताना कुठ्ठाळीवरून, झुआरीच्या पुलाने, जुन्या गोव्यामार्गे मंगेशी; येताना फोंडा-बोरीवरून. ही वाट मुद्दाम सांगते. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी, मंगेशाचे मूळ ठिकाण. 1560 च्या सुमारास देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे प्रियोळला, पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, हलवले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. गाडी पुलावर चढली की मुलांना खाली नदी दाखवा आणि हे तिथेच सांगा. आपण एसी गाडीत जातो तोच हा प्रवास.

ओटीची पिशवी आदल्या रात्रीच भरून दाराशी ठेवा. मागच्या खेपेला आमचा खण केबिनच्या कपाटात राहिला आणि आई दिवसभर हळहळली. खण, तांदूळ, हळदकुंकू, सुपारी घरून घ्या. नारळ आणि फुले देवळाबाहेर मिळतात. कापूर, उदबत्ती, काडेपेटी नेऊ नका, जहाजावर ते चालत नाही. अभिषेक करायचा असेल तर देवस्थानाला आधी फोन करून वेळ घ्या, दुपारच्या महापूजेची आणि नैवेद्याची वेळही तेव्हाच विचारा.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे. डेकवरच्या बर्मुडावर थेट उतरू नका. चपला चटकन काढता येतील अशा, आणि एक जोडी मोजे, कारण मार्च-एप्रिलमध्ये फरशी तापते. गाभाऱ्याचे फोटो काढू नका. जहाजाचे कार्ड आणि आधार एकाच पाकिटात, सुटे पैसे दुसऱ्यात.

मंगेशीहून म्हार्दोळ अगदी जवळ, तेवढे जरूर जोडा. तिथे कासवाच्या पाठीवर उभी असलेली उंच पितळी समई आहे, थरावर थर. खाली उभे राहून मान वर करून पाहा. मोसम असेल तर जायांची वळेसर, म्हणजे जाईच्या फुलांचा गजरा, घ्या. केळीच्या दोऱ्यात विणलेली असते, आणि परतीच्या वाटेवर सगळी गाडी घमघमते.

बाजार फोंड्याचा पुरे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सुंदर असतो, पण तो उत्तरेला, मुरगावहून लांब. देवळे आणि म्हापसा एका दिवसात बसत नाहीत. फोंड्यात सुकी सोलां (कोकम), काजू, आणि मिळाली तर काणकोणची खोला मिरची घ्या. ताजी फळे आणि प्रसादाचा फोडलेला नारळ जहाजावर बहुधा नेऊ देत नाहीत, म्हणून खोबरे देवळाच्या आवारातच सगळ्यांना वाटून टाका. टॅक्सीवाल्यालाही द्या. काजू बंद पाकिटातले घ्या आणि पिशवी वर ठेवा, बंदराच्या दारात तपासणीला ती उघडावी लागते.