बांधावर केस टाकलेत ना? मग आज परत जाऊन बघा

मंडळी, भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्यात, मका चिकात आलाय आणि परतीचा पाऊस अजून जायचाय. म्हणजे डुकरांचे दिवस सुरू झालेत. बाकीची कामं खाली दोन-दोन ओळीत दिलीत ती बघून घ्या, आज मला बोलायचंय ते रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून बांधावर पसरतो त्या सलूनच्या केसांबद्दल, कारण केस टाकूनही पीक गेलेली माणसं दरवर्षी भेटतात.

मागच्या वर्षी शाहूवाडीकडं एकाचा एकरभर भुईमूग होता. गडी हुशार, नागपंचमीच्या आसपासच सलूनमधून दोन पोती केस आणून चारी बांधांवर पसरले, लोक हसले, पण महिनाभर डुक्कर आत आलं नाही आणि मग हसणारेच सलूनवाल्याकडं पोती घेऊन उभे. पुढं गणपतीत तीन दिवस पावसानं धुतलं, केस चिखलात बसले, काही ओढ्यात गेले, आणि कोणी बघायला गेलंच नाही. विसर्जनाच्या रात्री सगळं गाव मिरवणुकीत, रानात राखणीला कुत्रं पण नाही, सकाळी जाऊन बघतोय तर अर्धं रान नांगरल्यासारखं. आता तो म्हणतो केसांचा काय उपयोग नाय. अरे दादा, केस होतेच कुठं त्या रात्री?

डुकराची नजर मंद, नाक मात्र लई तिखट. जमिनीला नाकाड लावून हुंगत हुंगतच ते पुढं येतं, तेव्हा सुटे केस नाकात जातात, चुरचुरतं, वर माणसाचा वास, म्हणून ते मागं फिरतं. म्हणजे केस सुटे पाहिजेत, कोरडे पाहिजेत आणि वास पाहिजे. एका जोराच्या पावसात या तिन्ही गोष्टी संपतात. म्हणून सांगतो, पावसानं उघडीप दिली की दुसऱ्या दिवशी बांधावरून एक फेरी मारा आणि जिथं केस चिकटलेत तिथं नवीन टाका. पाऊस नसला तरी माझ्या हिशेबानं दहा-बारा दिवसांनी ताजे केस हवेत, हा आकडा पुस्तकातला नाही, बांधावर फिरून आलेला अंदाज आहे.

किती लागतात? चौकोनी एकराचा घेर साधारण २५० मीटर भरतो. फूटभर रुंद पातळ पट्टा करायचा तर एका वेळेला ८-१० किलो धरा, हाही अंदाजच. गोळे टाकू नका, हातानं पिंजून पसरा. ओढ्याकडची नाहीतर जंगलाकडची बाजू दुप्पट घ्या, बहुतेक वेळा डुकरं तिथूनच शिरतात आणि आपण मात्र रस्त्याकडची बाजू सजवतो. एक पोतं घरात कोरडं शिल्लक ठेवा, पाऊस उघडल्यावर सलूनला पळायची वेळ येऊ नये. सलूनवाल्याला आधीच सांगा की ब्लेड, कापूस, पुड्यांचे कागद वेगळे टाक, नाहीतर पसरताना हात कापतो. डाय केलेले केस मी तरी घेत नाही.

गवे आणि वानरं याला भीक घालत नाहीत, त्यांच्यासाठी केसांवर विसंबू नका. डुकरं रात्री भुकेनं पिसाळलेली असली तर केस ओलांडून पण येतात, म्हणून शेंग भरायच्या दिवसात राखण आणि केस दोन्ही लागतं. आणि तारेत घरचा करंट सोडायचं डोक्यातून काढा, माणसं मेलीत त्यात, वर गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

दुकानात डुक्कर पळवायचं औषध म्हणून बाटली मिळते, वास भारी, किंमत त्याहून भारी, आणि पावसात तीही धुऊन जातेच की. मग फुकटचे केस दोनदा टाकायला काय होतं? तीच गोष्ट पिकाला टॉनिक म्हणून विकतात त्या अमिनो ॲसिडच्या बाटल्यांची. २०२१ पासून असली टॉनिकं, म्हणजे बायोस्टिम्युलंट, खत नियंत्रण आदेशात आलेत, तेव्हा लेबल न वाचता दुकानदार सांगतोय म्हणून घेऊ नका. व्हिडिओ बघून असलं टॉनिक घरीच करायला कॉस्टिक पोटॅशमध्ये केस उकळणारे पण आहेत, ते करू नका, डोळ्यात उडालं तर डोळा जाईल.

खत म्हणून केस चांगलेच. नत्र १५ टक्क्यांच्या आसपास, शेणखतात अर्धा टक्का असतं बघा. पण ते लवकर सुटत नाही. अमेरिकेत मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीवाल्यांनी कुंडीतल्या लेट्यूसला वगैरे केस घालून बघितले, २००८ साली ते छापून आलं, तिथंही हेच दिसलं की केसातून पोषण मिळतं पण सुरुवातीला उशीर लागतो, तोवर दुसरं खत द्यावं लागतं. म्हणून चालू पिकाला केस घालून युरिया वाचला असं समजू नका. बांधावरचे जुने भिजलेले केस गोळा करा, खड्ड्यात पातळ थर, वर शेणकाला, वर ओला पाला, परत केस. जाड थर दिला तर केसांचा घोंगडीसारखा घट्ट नमदा होतो आणि पाणी आत शिरत नाही. सहा महिन्यांनी पण धागे दिसतील, दिसू देत, आंबा-नारळाच्या आळ्यात घालून टाका. जाळायचे मात्र नाहीत, घाण धूर होतो.

बाकी कामं:
- भुईमूग, टिक्का (पानांवर ठिपक्यांचा रोग) दिसला तर: मॅन्कोझेब ७५ टक्के, १० लिटरला २५ ग्रॅम.
- जिप्सम: भुईमुगाच्या आऱ्या (शेंगा धरायला जमिनीत शिरतात ते कोंब) सुटताना हेक्टरी २०० किलो द्यायचं होतं. राहिलं असेल तर आता पैसे घालू नका.
- उशिराचा मका, पोंग्यात (वरच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात) लष्करी अळी: इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, १० लिटरला ४ ग्रॅम. तुरा पडल्यावर फवारणी नको.
- रानात पाणी तुंबलं असेल तर चर काढा.

एक राहिलंच. बांधावरचं गवत कापून जनावरांना घालत असाल तर केस टाकलेल्या पट्ट्यातलं घालू नका. पोटात केसांचा गोळा होतो. कापायचंच असेल तर केस टाकायच्या आधी कापा, केस सुटे राहायला पण बरं पडतं.

एवढं करून नुकसान झालंच तर उकरलेलं रान सारखं करायच्या आधी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनरक्षकाला नाहीतर वनपालाला लेखी कळवा, सातबारा बरोबर ठेवा. आणि पंचनाम्याची वाट बघत बसाल त्या रात्री पण केस टाकायला विसरू नका, राहिलेलं अर्धं खायला ती परत येतात.