पॅकेट गळतात का? चार पिंगवर निकाल देऊ नका

पिंग ही आज्ञा दुसऱ्या यंत्राला पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पाठवून उत्तर येतं का ते बघते. विंडोजवर पिंग आपणहून चारच पॅकेट पाठवतो. एक गळालं, म्हणजे त्याचं उत्तर आलं नाही, की थेट 25 टक्के गळती दिसते. उलट खरी गळती 1 टक्का असेल तर बहुतेक वेळा शून्यच. निदान 300 पाठवा, पाच मिनिटं लागतात. त्यासाठी आज्ञेत विंडोजवर ‘-एन 300’ जोडा, लिनक्स-मॅकवर ‘-सी 300’ (अक्षर इंग्रजी, लहान लिपीतलं). एकही गळालं नाही, तर गळती 1 टक्क्याच्या आत धरायला हरकत नाही.

1. आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा. वायफायवर गळत असेल तर केबल लावून पुन्हा बघा.
2. मग दूरच्या सर्व्हरला.
3. तिथेच गळत असेल तर एमटीआर किंवा (विंडोजवर) पाथपिंग चालवा; ही साधनं वाटेतल्या प्रत्येक राउटरची गळती ओळीओळीने दाखवतात.

मधल्या टप्प्यावर 40 टक्के आणि शेवटच्यावर शून्य दिसलं, तर घाबरू नका. तो राउटर फक्त उत्तरं कमी देतो, पॅकेट पुढे नीट पाठवतो. शेवटच्या ओळीचा आकडाच धरा.