संगीत महोत्सवात चित्र काढायचं आणि विकायचं, तर काय काय बरोबर हवं

आधी जागा पाहून या, सामान मग काढा. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव जानेवारीत नाट्यगृहात होतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला तापीकाठी उघड्यावर भरते आणि तिथेही रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असतात. दोन्ही थंडीतलेच, पण एका ठिकाणची तयारी दुसरीकडे चालत नाही. नाट्यगृहात अडचण आवाजाची आणि उजेडाची, नदीकाठी धुळीची आणि दवाची.

आयोजकांकडून चार गोष्टी लेखी घ्या: कुठे बसायचं, वीज कुठून मिळणार, विक्रीचं टेबल कुठे आणि तयार चित्र कुणाचं. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला स्वामित्व हक्क चित्र काढून घेणाऱ्याचा ठरतो. मानधन घेणार असाल तर ‘मूळ चित्र अमुकाचं, छापील प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराचा’ एवढं एक वाक्य पत्रात हवंच. गायक-वादकांच्या चेहऱ्याच्या प्रती विकायच्या असतील तर त्यांची परवानगी आयोजकांमार्फत आधीच घ्या. मध्यंतरात रंगमंचामागे जाऊन विचारणं बरं दिसत नाही.

बसायची जागा पहिल्या रांगेच्या बाजूला, कलाकाराच्या थेट नजरेत येणार नाही आणि मागच्या श्रोत्याला आड येणार नाही अशी निवडा. आता आवाज. विलंबित ख्यालात सभागृह इतकं शांत असतं की स्टीलच्या डब्यावर ब्रश आपटला तरी दहा रांगा मागे ऐकू जातो. म्हणून पाण्याला प्लॅस्टिकचे दोन डबे घ्या, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. खाली ६ बाय ६ फुटांची ताडपत्री आणि तिच्यावर जुनी चादर अंथरा. नुसती ताडपत्री पायाखाली कुरकुरते आणि पाणी सांडलं की घसरते. टेप आधीच फाडून त्याच्या पट्ट्या ईझलच्या (कॅनव्हास उभा ठेवायच्या घोडीच्या) पायाला चिकटवून ठेवा. रंग सुकवायला हेअर ड्रायर आणू नका. तैलरंग, टर्पेंटाइन, कोळशावर मारायचा फिक्सेटिव्ह आणि वॉर्निशचा स्प्रे घरीच ठेवा. गाणाऱ्याच्या घशाशी खेळ नको. इथे पाण्यात मिसळणारे आणि लवकर सुकणारे ॲक्रिलिक रंगच हवेत.

रंगमंचाचे दिवे लाल झाले की पांढरा, पिवळा आणि लाल सगळे एकसारखे दिसतात. त्या उजेडात मिसळलेला रंग दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिला की डोक्याला हात लावायची वेळ येते. स्वतःचा क्लिपचा एलईडी दिवा न्या, ५००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. तोंड खाली कॅनव्हासकडे ठेवा आणि दिव्याला काळ्या पुठ्ठ्याची झडप लावा, म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांवर येणार नाही. वीज मिळणार असली तरी दिवा पॉवर बँकवर चालणारा असू द्या. पॅलेटवर रंगांचा क्रम ठरलेला ठेवा आणि कडेला पट्टीवर नावं लिहा. अंधारात हात त्या क्रमानेच जातो.

एका बैठकीला २४ बाय ३० इंचांचा एकच कॅनव्हास पुरतो. आदल्या दिवशी त्यावर पातळ गेरूचा किंवा पिवळ्या मातीचा थर देऊन ठेवा. कोऱ्या पांढऱ्यावर सुरुवात केली तर पहिला तास तो झाकण्यातच जातो. पांढरा १२० मिली, बाकी सात रंग ४० मिलीच्या ट्यूबमधले पुरेत. खानदेशची थंडीतली दुपार कोरडी असते, पॅलेटवरचा रंग बघता बघता साय धरतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, शिवाय पाण्याची फवारणीची बाटली, एवढं केलं की निभतं. रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा सुकवणारं द्रव्य, बेतानेच घाला, जास्त झाला तर थर चिकटच राहतो.

रात्री नदीकाठी नेमकं उलटं होतं. पारा ९-१० अंशांखाली गेला की ॲक्रिलिकच्या बाइंडरचे (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचे) कण एकमेकांत नीट मुरत नाहीत, थर भुसभुशीत राहतो किंवा त्याला भेगा पडतात. दव पडायच्या आत ब्रश खाली ठेवा आणि वर कापडी आडोसा बांधा. वाऱ्यासाठी ईझलच्या मागच्या पायाला ५ किलो वाळूची पिशवी सुतळीने बांधा. ओल्या रंगावर माती बसली तर पुसू नका, ती आत रगडली जाते. सुकल्यावर कोरड्या मऊ ब्रशने झटका.

विक्री मात्र बहुतेक छोट्या गोष्टींचीच होते, मोठा कॅनव्हास माणसांना टेबलाशी आणतो. ६ बाय ८ इंचांची १२ मूळ चित्रं, ए-फोर आकाराच्या ४० छापील प्रती आणि १०० पोस्टकार्डं हा सुरुवातीला बरा साठा. प्रत्येक वस्तूवर किंमत मराठीत, दुरून वाचता येईल अशी. विचारावं लागलं की गिऱ्हाईक पुढे सरकतं. मोठ्या चित्राची किंमत चौरस इंचावर धरा: १८ बाय २४ म्हणजे ४३२ चौरस इंच, १५ रुपये दराने ६,४८० आणि वर कॅनव्हास-फ्रेमचा खर्च. लहान चित्राचा दर इंचाला थोडा चढा ठेवा, कारण मेहनत त्या प्रमाणात कमी होत नाही. गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि छापील क्यूआर कोड हवा. पैसे आले का ते आपल्या ॲपमध्ये पाहा, समोरच्याचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका. पन्नास-शंभरच्या नोटांचे २,००० रुपये सुटे आणि पावती पुस्तकही घ्या. विक्री मध्यंतरात आणि कार्यक्रम संपल्यावरच. गाणं चालू असताना टेबलावर चादर टाकून ठेवा.

समोर रंगवलेलं चित्र त्याच रात्री हातात देऊ नका. पातळ थर अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण जाड थर आतून कित्येक दिवस ओला असतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या, पावतीवर तारीख लिहा आणि वॉर्निश करून नंतर पोचवा. ताज्या ॲक्रिलिकवर बबल रॅप कधीच थेट लावू नका, फुगे रंगात उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. रावेर-यावलकडे केळीचे पुठ्ठ्याचे खोके सहज मिळतात, मजबूतही असतात, पण हवेसाठी भोकं असल्याने आतून प्लॅस्टिक लावल्याशिवाय छापील प्रती ठेवू नका. ओला कॅनव्हास नेताना त्याच्या तोंडाशी तेवढ्याच आकाराची दुसरी रिकामी फ्रेम चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे देऊन बांधा, म्हणजे गाडीत काही टेकलं तरी रंगाला लागत नाही. रंगाचं पाणी नाट्यगृहाच्या बेसिनमध्ये किंवा नदीत ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या कॅनमधून घरी आणा, दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी काढून खालचा गाळ सुकवून कचऱ्यात टाका.