चिंतनपर लिहिताय? निदान या चुका टाळा

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी आलेले लेख बरीच वर्षं वाचतोय. संस्कृती, स्वातंत्र्य, मृत्यू, एकटेपणा, देव असे विषय आलटून पालटून येतात, चुका मात्र त्याच राहतात. आणि बहुतेकदा त्या हुशार मुलांच्याच असतात. ज्याला लिहिताच येत नाही तो निदान जपून लिहितो.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे उसन्या वाक्यावर उभा केलेला लेख. 'तत्त्वचिंतन' म्हटलं की मुलं आधी कुणा थोरामोठ्याचं वाक्य शोधायला निघतात. ते सापडलं की त्याच्या मागेपुढे परिच्छेद रचतात. वाक्य कुणाचं, कुठलं, कोणाशी वाद घालताना आलेलं, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

एका मुलाने चंगळवादावर लेख दिला होता. भाषा चांगली, उपरोध नेमका. पण सगळा डोलारा 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' या ओळीवर. वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकाने कर्ज काढून तूप प्यायला सांगितलं, आपण हप्त्यांवर फोन घेतो, तेव्हा आपण सगळे चार्वाकाचे वारस, असा युक्तिवाद. मी विचारलं, "चार्वाकाने हे कुठे लिहिलंय?" तो म्हणाला, "सर, सगळीकडे आहे."

सगळीकडे आहे हे खरंच. पण चार्वाकांचा, म्हणजे त्या पंथाचा, मूळ सूत्रग्रंथच आज उपलब्ध नाही. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतांशी त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या लिखाणातून. ही ओळ येते ती चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त, आणि माधवाचार्य होते वेदान्ती, म्हणजे विरोधी बाजूचे. गंमत म्हणजे त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला हा श्लोक वेगळ्या रूपात आलाय. तिथे ना तूप, ना कर्ज. तिथे आहे 'नास्ति मृत्योरगोचरः': मृत्यूच्या टप्प्याबाहेर कुणीच नाही, म्हणून जिवंत आहोत तोवर सुखाने जगावं. एकाच प्रकरणात एकाच श्लोकाची दोन रूपं, आणि लोकांच्या तोंडी बसलं ते तुपाचं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेख परत आला. बदल काय, तर 'चार्वाक सांगतो'च्या जागी 'चार्वाक सांगतो असे म्हणतात'. बाकी स्वल्पविरामही हलला नव्हता. मूळ चुकीपेक्षा ही पळवाट मला जास्त झोंबली. कारण खरा लेख समोर येऊन बसला होता: हरलेल्या बाजूचं म्हणणं विरोधकाच्या वहीतूनच वाचावं लागत असेल, तर त्यावर भरवसा किती ठेवायचा? आणि नेमकी टिंगलीला सोयीची ओळच का टिकते? पण त्यासाठी ग्रंथालयात बसावं लागलं असतं आणि त्याला लेख त्याच आठवड्यात द्यायचा होता. मी तो घेतला नाही.

फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरचंही तेच. 'तुझं मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन' हे वाक्य त्याचं नव्हे. तो १७७८ साली वारला. हे वाक्य एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ साली, त्याची वृत्ती समजावताना स्वतःच्या शब्दांत लिहिलं. आणि 'देव मेला आहे' ही जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची आरोळी समजून टाळ्या घेणाऱ्यांनी १८८२ सालचा तो उतारा एकदा तरी उघडावा. तिथे हे शब्द एका वेड्याच्या तोंडी आहेत. तो भर सकाळी कंदील घेऊन बाजारात येतो आणि देवावर आधीच विश्वास नसलेली माणसं त्याला हसतात. त्याच्या बोलण्यात विजय कमी आणि धास्ती जास्त आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे कळत नाही. तो व्हिडिओ पाहून लिहिलेला लेख मला दुसऱ्या ओळीत ओळखू येतो.

माझी स्वतःची सवय साधी आहे. आवडलेलं वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो आणि लेख त्याच्याशिवाय पूर्ण करतो. लेख उभा राहिला तर बहुधा त्या वाक्याची गरजच उरत नाही. उरलीच, तर त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान वाचल्याशिवाय ते घेत नाही.

दुसरी चूक: विरोधकाला मूर्ख ठरवून जिंकणं. परंपरेवर लिहिणारा आधुनिक माणसाला पैशाचा गुलाम म्हणतो, आधुनिकतेवर लिहिणारा परंपरेला अंधश्रद्धा म्हणतो, आणि दोघंही दोन परिच्छेदांत मोकळे होतात. आपल्या शास्त्रचर्चेची रीत याच्या उलट होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, मग उत्तर. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात पूर्वपक्ष इतका जोरकस येतो की नवखा वाचक त्यालाच आचार्यांचं मत समजून बसतो. मी मुलांना सांगतो, तुमचा पूर्वपक्ष तसं खरोखर मानणाऱ्या एखाद्या वर्गमित्राला दाखवा. तो "हो, मी हेच म्हणतो" असं म्हणाला तरच पुढे लिहा. बरेच जण हे करत नाहीत. केलं की लेख बदलावा लागतो, तिथेच अडतं.

तिसरी: आदिमानवापासून सुरुवात. 'मानव हा समाजशील प्राणी आहे', 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', 'संस्कृती म्हणजे काय, तर'. मी पहिल्या परिच्छेदावर पेन्सिलीने काट मारतो आणि दुसऱ्यापासून वाचतो. लेखाचं काही अडत नाही. विषय मोठा असला तर दार लहान शोधावं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी अशी एकेक व्यक्ती समोर घेतली आणि त्यांच्यातून अख्खा समाज दाखवला. 'महाभारतकालीन संस्कृती: एक चिंतन' असं शीर्षक देऊन त्या बसल्या असत्या तर आपण ते पुस्तक परीक्षेपुरतं वाचलं असतं.

लेख मध्येच अडकला असेल तर कारण बहुधा एकच: तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे आणि तुम्ही फक्त तिथवर पानं भरताय. अशा वेळी शेवट आधी लिहून टाका आणि तो खोटा कधी ठरेल याचा विचार करा.

बाकीच्या भराभर. 'अस्तित्व', 'पोकळी', 'शून्य' हे तिन्ही शब्द एका परिच्छेदात आले तर त्यातले दोन काढा. गद्य वाक्याच्या ओळी तोडल्याने कविता होत नाही. कथा स्वप्नातून जागं होऊन संपवू नका. सलग पाच प्रश्न विचारून एकाचंही उत्तर न देणं याला चिंतन म्हणत नाहीत. 'पाश्चात्त्य संस्कृती' कुठली ते सांगा. ग्रीसची की नॉर्वेची, आणि कोणत्या शतकातली? यंत्राकडून लिहून घेतलेला लेख वाईट नसतो, हीच त्याची अडचण. पण त्यातल्या एखाद्या वाक्याबद्दल मी "हे असं का?" विचारलं, तर उत्तर तुम्हाला द्यायचं आहे. टिंब टिंब टिंब देऊन वाक्य हवेत सोडू नका. तीन उद्गारचिन्हं तर नकोतच.

आणि लेख पीडीएफमध्ये पाठवू नका. त्यात सहज दुरुस्ती करता येत नाही, आणि दुरुस्ती लागणारच आहे.