केबिन फिल्टर घरी बदलताय? या चुका टाळा

जुना केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत पंख्या-एसीतून येणारी हवा गाळणारा, बहुधा ग्लोव्हबॉक्समागे बसणारा फिल्टर, उलटा करून परत बसवू नका. सुरुवातच इथून करतो, कारण वडोदऱ्यात कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत गेल्या तीन वर्षांत हा प्रकार मी चार गाड्यांत पाहिला. प्रत्येकाचं म्हणणं तेच: एक बाजू मळली आहे, दुसरी अजून पांढरी आहे, मग तीही वापरून घेऊ. मळलेली बाजू म्हणजे जिकडून हवा येते ती. तिच्या घड्यांत वर्षभराची धूळ अडकून बसलेली असते. फिल्टर उलटा केला की ती धूळ हवा बाहेर पडते त्या बाजूला येते आणि पंखा लावताच सुटायला लागते.

समोरच्या विंगमधल्या काकांनी मार्चमध्ये हेच केलं. दोन दिवस डॅशबोर्डवर बारीक धूळ बसत राहिली, ती त्यांनी पुसली आणि विषय संपला असं समजले. जूनच्या शेवटी डावीकडच्या सीटपुढचं मॅटिंग ओलं राहायला लागलं. काकूंना वाटलं दारातून पाऊस येतोय, म्हणून दाराचं रबर बदलून झालं. पाणी थांबेना. गाडीत कुबट वास इतका, की नातीला घेऊन बाहेर पडणं त्यांनी बंद केलं.

त्याचं कारण असं. फिल्टरच्या पुढे एसीची कूलिंग कॉइल असते. एसी चालू असताना हवेतली वाफ तिच्यावर थंड होऊन पाणी सुटतं आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली टपकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली पाण्याचं डबकं दिसतं ते हेच. ओल्या कॉइलवर धूळ येऊन बसली की तिचा चिखल होतो, चिखल नळीत उतरतो, नळी तुंबते आणि पाणी आत मॅटिंगवर सांडतं. मेकॅनिकने काकांच्या गाडीची नळी मोकळी केली तेव्हा आधी काळा गाळ आला, मग पाणी. कॉइलची सफाई धरून बिल साडेचार हजार झालं. नवा फिल्टर 350 रुपयांचा होता. पैशांपेक्षा मला वाईट याचं वाटतं, की ते पोर तीन महिने ती हवा घेत होतं.

फिल्टर धुणं हीसुद्धा त्याच प्रकारची चूक. आतलं कापड न विणलेल्या बारीक तंतूंचं असतं आणि पुष्कळ फिल्टरांत त्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण त्यानेच ओढले जातात. साबण-पाण्याने तो भार जातो. फिल्टर दिसतो स्वच्छ, पण बारीक धूळ पार निघून जाते. पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या पाइपने झोत मारला तर तंतू फाटतात. मी फार तर मधल्या काळात फिल्टर काढून वर्तमानपत्रावर हलकेच आपटतो, तेही मळकी बाजू खाली धरून आणि नाकाला रुमाल बांधून. त्यापलीकडे काही करत नाही, सरळ नवा आणतो.

दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल हे सांगा, आणि "एसी फिल्टर" किंवा "केबिन फिल्टर" असं स्पष्ट मागा. नुसतं "एअर फिल्टर" म्हटलं की इंजिनाचा हातात येतो. वास शोषणारा कार्बनचा फिल्टर नवा असतानाच राखाडी दिसतो. तो वापरलेला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आता बाणाबद्दल. फिल्टरच्या कडेला बाण छापलेला असतो आणि बहुतेक लोक तो वर करून मोकळे होतात. बाणाशेजारी काय लिहिलंय ते वाचा. "अप" लिहिलं असेल तर बाण वर. "एअर फ्लो" लिहिलं असेल तर बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, आणि ज्या गाडीत हवा फिल्टरमधून वरून खाली जाते तिथे तो बाण खालीच येणार. शंका आली तर जुना फिल्टर बघा, मळकी बाजू म्हणजे हवा येण्याची बाजू. पण आधी कुणी उलटा बसवलेला असू शकतो, म्हणून गाडीचं पुस्तकही उघडा. मी खेचण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढतो, ही सवय मी कधी मोडत नाही.

सगळ्यात जास्त त्रास मात्र मला "दोन मिनिटांचं काम आहे" या वाक्याचा होतो. माझा भाचा दोन वर्षांपूर्वी उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणानंतरच्या रविवारी आला. 14 जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण असे दोन दिवस त्याची गाडी रावपुऱ्यात उघड्यावर उभी होती. वडोदऱ्यात त्या दोन दिवसांत आकाशातून काय काय पडतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी चहा ठेवायला आत गेलो, "मामा, मी बघितलाय व्हिडिओ" म्हणत त्याने ग्लोव्हबॉक्स सोडवला आणि फिल्टर एका झटक्यात ओढला. फिल्टरवर मांज्याचं गुंतवळ, पतंगाच्या कागदाचे तुकडे आणि आसोपालवाची वाळकी पानं साचलेली होती. झटक्याबरोबर सगळं घसरून खाली पंख्यात गेलं. नवा फिल्टर बसवून त्याने एसी लावला आणि आतून टरटर आवाज सुरू झाला. तेव्हाच बंद करायला हवं होतं. "निघेल आपोआप" म्हणून त्याने स्पीड वाढवला आणि मांजा पंख्याच्या दांड्याला घट्ट गुंडाळला गेला.

मग ग्लोव्हबॉक्सखाली उताणं झोपून, तोंडात टॉर्च धरून, मोटरचे तीन स्क्रू काढून तिला खाली उतरवावं लागलं. मांजा ब्लेडने कापून वेढा-वेढा सोडवला. अडीच तास गेले. चहा तसाच राहिला.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा हाताने वेचायचा, कारण बाहेरची हवा तिथूनच आत शिरते. मग इग्निशन बंद. मग फिल्टर आडवा, न हलवता, खालून तळहाताचा आधार देत काढायचा. नंतर त्या खोबणीत टॉर्च मारून बघायचं आणि व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाने राहिलेलं ओढून घ्यायचं. घाई असेल तर त्या दिवशी गाडीला हात लावू नका.

ग्लोव्हबॉक्स आधी रिकामा करा. भरलेला डबा दोन्ही बाजूंनी दाबताना कडेचे स्टॉपर मोडतात, आणि बाजूची छोटी दोरी किंवा दांडी सोडवायची राहिली तर तीही तुटते. उन्हात तापून जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. पिवळ्या रंगाचा प्लग किंवा वायर दिसली तर ती एअरबॅगची, तिला हात लावायचा नाही.

काही जुन्या, कमी किमतीच्या मॉडेलांत कंपनीतून फिल्टर येतच नसे, नुसती जागा असे. तो सापडत नाही म्हणून डॅशबोर्ड उचकटत बसू नका.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. नंतर लोकांनी सीटा वाळवल्या, फिल्टर बदलला आणि वास जात नाही म्हणून अत्तराच्या बाटल्या लावल्या. पाणी ग्लोव्हबॉक्सपर्यंत चढलं असेल तर पंखा, कॉइल आणि ते ज्यात बसवलेले असतात तो सगळा डबा उघडून साफ करावा लागतो. ते घरचं काम नाही.

बदलायचं कधी? पुस्तकात बहुधा वर्ष किंवा 10 ते 15 हजार किलोमीटर असतं. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी बदलतो, कारण धुळीने भरलेला फिल्टर पावसाळी दमटपणात ओला राहतो आणि त्यालाच वास धरतो. जानेवारीच्या शेवटी एकदा नुसता काढून बघतो. चौकटीवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहितो, नाहीतर "आत्ताच तर बदलला" म्हणत दोन वर्षं निघून जातात.

बसवून झालं की फिल्टरवरच्या झाकणाच्या दोन्ही कड्या खट्ट बसल्याचा आवाज ऐका. फट राहिली तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते. मग खिडक्या उघड्या ठेवून पंखा एकेक स्पीडने वाढवा आणि प्रत्येक स्पीडला थांबून कान द्या. जराही खरखर आली तर लगेच बंद करा आणि पुन्हा उघडा.